कवटीच्या बुडाशी

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आणि गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा — ज्या खोट्याची ही कबुली आहे, तेही मी कधी बोललो नव्हतो. तोंड मिटलेलं होतं. मी फक्त मान हलवली. एकदा आडवी, आणि थोड्या वेळाने एकदा उभी. खोटं बोलायला निदान जीभ तरी लागते, असं आपण समजतो ना? तीही लागत नाही.

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. राहतो नांदेडात, महाविद्यालयाचं नाव मात्र इथे घेणार नाही, कारण दोष त्या इमारतीचा नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मानेचा वरचा भाग शिकवताना मी एक जुनी युक्ती वापरतो. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधला सांधा 'हो' म्हणायचा. पहिला आणि दुसरा मणका यांच्यामधला 'नाही' म्हणायचा. मुलं माना हलवून पाहतात, हसतात, आणि ते त्यांच्या जन्मभर लक्षात राहतं. मी त्या वेळी फळ्याकडे वळलेलो असतो.

या सांध्याच्या पाठीमागे एक स्नायू आहे. डावीकडे एक, उजवीकडे एक. अंगठ्याच्या पेराएवढा असेल-नसेल. त्याचं लॅटिन नाव त्याच्याहून लांब. मानेमागचे जाड, मोठे स्नायू एकेक करून बाजूला सारल्याशिवाय तो नजरेला पडत नाही. पहिल्या मणक्याच्या पाठीवरून निघतो आणि कवटीच्या बुडाशी जाऊन चिकटतो. डोकं हलवण्याचं काम त्याच्याकडे फारसं नाहीच — एवढ्याशा मांसाने एवढं ओझं काय हलवायचं? पण संवेदना टिपणाऱ्या सूक्ष्म तंतूंची त्याच्यात दाटी असते. डोकं या क्षणी कुठे आहे, कोणत्या बाजूला कललं आहे, हे तो मेंदूला कळवत राहतो. डोळे मिटलेले असले तरी. आणि पुष्कळांच्या मानेत त्याच्यापासून एक पातळ पट्टी निघते, दोन हाडांच्या फटीतून आत शिरते आणि मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाला जाऊन मिळते. चिमट्यात धरून स्नायू हलकेच ओढला की आतलं ते आवरण उचललं जातं — दोरी ओढल्यावर मांडवाचं कापड उचललं जावं तसं. बाहेरचं मांस आतल्या गाभ्याला हात लावून बसलेलं असतं. मी हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पाहिलं ते अप्पांच्या मानेत.

अप्पा शिरूर अनंतपाळचे. चिंच आणि तूर यांचा व्यापार. लिंगायत; गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आणि बोलण्यात एक प्रकारची माफी — जणू आपण जागा अडवून उभे आहोत अशी. त्यांना एक दुखणं होतं. मानेमागे उजवीकडे सुरू व्हायचं, कवटीवरून चढायचं आणि उजव्या डोळ्यामागे जाऊन बसायचं. लातूर झालं, नांदेड झालं, सोलापूर-हैदराबाद झालं. सगळे फोटो स्वच्छ, सगळ्या तपासण्या व्यवस्थित. माझ्याकडे ते का यावेत? मी रोग्यांवर उपचार करत नाही. पण बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की नांदेडला एक डॉक्टर आहे, तो मेलेल्यांच्या माना उघडून बघतो.

"जित्याची मान समद्यांनी बघितली, डॉक्टरसाब," ते म्हणाले. "कुणालाच काय घावलं न्हाई. तुम्ही मेल्यावर बघा."

मी हसलो. ते हसले नाहीत. बोलताना त्यांचे दोन्ही अंगठे मानेमागे रुतलेले होते — अगदी त्याच जागी. ज्या माणसाने शरीररचनेचं एक पान वाचलेलं नाही, त्याची वेदना मला पुस्तकातल्या आकृतीवर बोट ठेवून दाखवत होती.

पुढे त्यांच्या घरी जाणं-येणं झालं. घरात त्या दुखण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यांच्या पत्नीला सगळे अव्वा म्हणत. त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "मोंढ्यात माल उतरायच्या दिवशीच ह्यांची मान धरतीय. माझ्या माहेरी जेवायला निघाले की कशी न्हाई धरत?" थोरला मुलगा दाराला टेकून हसला. अव्वा दुष्ट होत्या असं समजू नका. त्याच बाई त्यांच्या मानेला तेल चोळत, विटकरीचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून शेकत. पण शेकता शेकता टोमणाही मारत. जे दिसत नाही त्याच्यावर किती वर्षं विश्वास ठेवायचा? अप्पा मान खाली घालून — त्यांना ती पुरती खालीही घालता येत नसे — भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिले.

त्यांनी देहदान केलं ते एवढ्याचसाठी. त्यांच्या समाजात ही गोष्ट सोपी नव्हती. लिंगायत मृताला जाळत नाहीत. मांडी घालून, ताठ बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून समाधी देतात. भाऊबंद रागावले. अप्पांनी मधला मार्ग काढला, आणि तो मार्ग माझ्या भरवशावर काढला. "बघा, आन् परत द्या," ते म्हणाले. "मला बसायचंय. आन् घावलं तर हिला सांगा." हिला — म्हणजे अव्वांना. मी दोन्ही गोष्टींचा शब्द दिला. सगळे अवशेष परत देईन. जे सापडेल ते सांगेन.

ते गेले तेव्हा माझी चाळिशी यायची होती. त्यांच्या देहाला मी इतर कुणाला हात लावू दिला नाही. मानेमागचे थर एकेक करून उघडले — आणि उजवीकडचा तो स्नायू दिसला. डावा होता तसा होता, तांबूस, मऊ. उजवा आखडलेला, पांढुरका, सुकलेल्या चिंचेच्या दोरासारखा. आणि त्याच्यापासून आत जाणारी पट्टी पातळ नव्हतीच. सुतळीसारखी जाड होती. मी चिमट्याने ती किंचित ओढली. आतलं आवरण ताठ वर आलं. त्यांचं दुखणं तिथूनच उगवत होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मेलेल्या मांसाला साक्ष देता येत नाही. पण तिथे काहीतरी होतं. बोट ठेवता येईल असं. अव्वांना दाखवता येईल असं.

मला त्या क्षणी अव्वा आठवल्या का? नाही. मला हे आठवलं, की असं स्वच्छ, असं निःसंदिग्ध उदाहरण आमच्या विभागात कुणीही तयार केलेलं नाही. विभागप्रमुखांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. डोकं आणि मानेचा वरचा भाग वेगळा करून मी काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. संग्रहालयाच्या फळीवर, स्नायू नीट दिसावेत म्हणून पाठमोरा. मान पाहणाऱ्याकडे, तोंड भिंतीकडे. वर्षानुवर्षं मुलं त्या मानेवरून शिकली. चेहरा कुणी पाहिला नाही.

बरणी फळीवर चढून फार दिवस झाले नव्हते, तेव्हाच अप्पांचा मुलगा निरोप घेऊन आला — परत द्यायची वेळ झाली का? रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, जागा राखून ठेवली आहे, स्वामींना सांगून ठेवलं आहे.

इथे थांबून मला एक सांगितलं पाहिजे. आमच्यात जाळतात. जाळणाऱ्या माणसाला अवयव मोजायची सवय नसते. शेवटी राख ती राख. मला वाटलं, शिवलेल्या पांढऱ्या कापडात काय आहे नि काय नाही, कोण पाहणार? पण आकार तर हवा. बसलेल्या माणसाला खांद्यांच्या वर काहीतरी हवं.

त्याच सुमारास आमच्याकडे एक बेवारस देह होता. मुदखेडच्या रेल्वे स्थानकावर सापडलेला, साठीचा असावा. विच्छेदन संपत आलं होतं. मी त्याचं डोकं घेतलं.

हे वाक्य लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा ते करायला लागला नव्हता.

त्या माणसाच्या उजव्या हातावर गोंदलेली अक्षरं होती, तेलुगू. मला तेलुगू वाचता येत नाही. आमचा परिचर धर्माबादचा. घरी मराठी, दारी तेलुगू. त्याला हाक मारून 'हे वाच रे' म्हणायला किती श्रम होते? कदाचित ते त्याचं नाव असेल. कदाचित बायकोचं. मी विचारलं नाही, कारण नाव कळलं असतं तर मला ते करता आलं नसतं. आणि करायचं तर मी ठरवलेलंच होतं. त्याचं उरलेलं शरीर बिनडोक्याचं, नेहमीच्या रीतीने मार्गी लागलं. अप्पांच्या अवशेषांवर मी त्याचं डोकं बसवलं, कापड स्वतः शिवलं आणि मुलाला बजावलं, की उघडू नका, औषधाने डोळे झोंबतील. ते खरं होतं. खोट्याच्या गाठोड्याला बाहेरून खऱ्याची शिवण घालता येते.

समाधीला मी गेलो. जायला नको होतं, पण न जाणं संशयास्पद दिसलं असतं. भर दुपारची वेळ, ऊन असं की खड्ड्यातली मातीसुद्धा पांढरी दिसत होती. गाठोडं आतल्या कोनाड्यात बसवलं. पुढ्यात, जिथे तळहात असायचा तिथे, इष्टलिंग ठेवलं. बेल, भस्म. आणि मग वयस्कर स्वामी खाली उतरले, त्यांनी आपला उजवा पाय उचलला आणि त्या गाठोड्याच्या माथ्यावर ठेवला.

मला हे ठाऊक नव्हतं. मृताच्या मस्तकावर गुरूचा पाय ठेवण्याची ही रीत मला कुणी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. ज्या एका जागी मी खोटेपणा केला होता, नेमकी तीच जागा त्या साऱ्या विधीचा कळस होती. स्वामी मंत्र म्हणत होते. पायाचा भार पडला, आणि कापडातलं ते डोकं हळूच पुढे झुकलं. शिवण सैल असेल. मणक्यावर नुसतं टेकवलेलं डोकं भाराने झुकणारच; मीच ते टेकवलं होतं. कारण मला माहीत होतं. तरी मी पाहिलं ते असं, की मुदखेडला कुणाची तरी वाट पाहत मेलेला एक माणूस, अप्पांच्या खांद्यांवर बसून, परक्या गुरूला होकार देत होता.

माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "बगा, अप्पांनी मान डोलावली." बायका रडू लागल्या.

खड्डा बुजवल्यावर अव्वा माझ्याजवळ आल्या. निंबाच्या सावलीत आम्ही उभे होतो; थोरला मुलगा पाठीमागे. त्यांचा आवाज इतका हलका, की ज्या बाईला मी ओळखत होतो ती ही नव्हेच असं वाटलं.

"डॉक्टरसाब, मी लई बोलले त्यांना. लई. एकच सांगा — घावलं का काही?"

या प्रश्नासाठी एका माणसाने आपल्या भाऊबंदांशी वैर घेतलं होतं. उत्तर माझ्याजवळ होतं. पण 'घावलं' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'काय? कुठाय?' असाच आला असता. आणि ते फळीवर होतं, भिंतीकडे तोंड करून.

मी मान आडवी हलवली.

त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं आणि तसंच मावळलं. पदर तोंडाशी नेऊन त्या म्हणाल्या, "म्हंजे सोंगच हुतं की." मग थोडं थांबून, "समदं आणलंत न्हवं? मागं काय ठिवलं न्हाई ना?"

मी मान उभी हलवली.

तुम्ही म्हणाल, नकार देऊन मी त्यांना पश्चात्तापापासून वाचवलं. मीही पुष्कळ वर्षं हेच म्हणत आलो. शिवाय, त्या बेवारस माणसाला मंत्र मिळाले, बेल मिळाला, रडणारी माणसं मिळाली. नाहीतर त्याला काय मिळणार होतं? हेही म्हणत आलो. किती सुबक आहेत ना ही वाक्यं? दोन्हींत एकच खोट आहे. ती वाक्यं मला नंतर सुचली. त्या निंबाखाली मी अव्वांचा विचार करत नव्हतो, त्या माणसाचाही नाही. मी बरणीचा विचार करत होतो.

बरणी अजून आहे. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगतो. तिला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. ती पाठमोरी ठेवलेली असते, पण काही महिन्यांनी पाहावं तर आतला नमुना उजवीकडे किंचित वळलेला असतो. आधी कानाची कड दिसते. मग गालाची रेघ. सामानाच्या गाड्या जातात तेव्हा इमारत थरथरते, आधाराचा दोरा द्रवात सैल होतो, द्रव भरताना धक्का लागतो. कारणं सगळी मला पाठ आहेत. मी दर खेपेला झाकण काढून तो पुन्हा भिंतीकडे वळवतो. परिचर एकदा थट्टेने म्हणाला, "सर, पाहुणा कड बदलून राहिला." त्या खेपेला मिटलेल्या डोळ्याचा कोपराही दिसत होता. तो नेहमी एकाच बाजूला वळतो. ज्या बाजूला दुखत होतं त्या. मेलेल्या स्नायूला डोकं कुठे आहे ते कळत नाही, हे मी दरवर्षी शिकवतो. आणि शिकवताना माझ्या स्वतःच्या मानेमागे, कवटीच्या बुडाशी, कुणीतरी दोन अंगठे रोवल्यासारखं वाटतं.

शिरूरला मी त्यानंतर गेलो नाही. हे लिहायला बसलो तेव्हा मनात आलं, आधी जाऊन अव्वांसमोर उभं राहावं आणि मग लिहावं. गेलो नाही. अव्वा हयात आहेत, खूप थकल्या आहेत. हे मला ठाऊक आहे, कारण त्यांची नात यंदा आमच्याकडे पहिल्या वर्षाला आली. ती माझ्या वर्गात बसते. अप्पा गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिचं नाव गौरी.

मुलं नव्या वर्गात आली की संग्रहालय पाहतात, तशी तीही आली. बाकीची मुलं पुढे गेली. ती बरणीपाशी रेंगाळली. मग माझ्याकडे वळून, जरा अभिमानानेच म्हणाली, "सर, आमच्या आजोबांचं देहदान इथंच झालं होतं. तुम्ही असाल तेव्हा. त्यांची मान लई दुखायची म्हणे." आणि हसून, "सगळे सोंगाड्या म्हणायचे. आता माझी पण दुखती ना, तर घरचे म्हणतात, अप्पा अंगात आला हिच्या. गोळी मागितली की हसतात."

ती पुन्हा बरणीकडे वाकली. आखडलेला उजवा स्नायू तिला लगेच कळला. हुशार मुलगी आहे. त्या सुतळीसारख्या पट्टीचा तिने काचेवरून बोटाने आतपर्यंत माग काढला. तिचं बोट आणि तिच्या आजोबांची मान यांच्यामध्ये तेवढी काच होती.

"सर, हे कुणाचं आहे?"

सांगायला एक शब्द पुरेसा होता. आजवर मी फक्त मान हलवली होती; त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बेवारस," मी म्हणालो.

तिने बरणीला हात जोडले. आम्हीच शिकवतो तसं करायला. मग हलकेच म्हणाली, "म्हणजे ह्याचं खरंच दुखत असणार. ह्याचं तरी घावलं, सर."

मी काठी उचलली आणि तिला शेजारचा स्नायू दाखवू लागलो.